माय मायाबंदरला आली तेव्हा

साकोलीच्या बसस्टँडवर त्या दिवशी आम्ही चौघं होतो. मी, माझी सहा वर्षांची मनू, माय आणि बाबा. दादा आमच्या गावाहून, एकोडीहून, आलाच नाही. धानाच्या बांधीत पाणी धरायचं आहे असं सांगून तो सकाळीच शेतावर निघून गेला होता, आणि पाणी काही आजच धरायची गरज नव्हती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सामान म्हणजे एक ट्रंक, दोन बॅगा आणि चिन्नोर तांदळाची एक चुंगडी, म्हणजे लहान पोतं. चुंगडी मायनं आपल्या पायाशी धरून ठेवली होती. नागपूरची बस दिसली तसा तिनं शेवटचा प्रयत्न केला.

"पोरीले ठेव ना वो इथं. तुले लेकरू सांभाळणं होईन का नोकरी करणं?"

"दोन्ही होईन," मी म्हटलं.

"एकटी बाई, त्या कोण्या बेटावर..."

"एकटी कुठं, माय. मनू आहे ना."

सामान वर चढलं, मी मनूला खिडकीशी बसवलं, तेव्हा बाबा खिडकीखाली येऊन एवढंच म्हणाले, "समुद्र म्हणजे तलाव नोय. पाय ठेवाच्या आधी तिथल्या मानसाले इचारत जाय."

बस लाखनीच्या पुढं गेल्यावर मी रडले. मनू झोपली होती, म्हणून रडता आलं.

हे मी आता लिहिते आहे ते दोन प्रकारच्या माणसांसाठी. एक, तुम्ही जे एकोडीत राहिलात आणि मी फोन केला की अजूनही "तिकडे काय खाता?" असं विचारता. आणि दुसरे, तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, कुणी सुरतला, कुणी दुबईला, आणि ज्यांना कुणी असं काही विचारतच नाही.

मी का गेले ते आधी सांगते. लग्न करून मी गोंदियाला गेले होते. ते लग्न टिकलं नाही. फारकत झाली तेव्हा मनू तीन वर्षांची होती. कुणाला दोष देत बसण्यात आता मला गोडी नाही. तो माणूस वाईट होता असंही नाही, पण त्याच्या घरात माझा श्वास कोंडत होता. मी परत एकोडीला आले. बाबांनी एक शब्द विचारला नाही, मायनं माझी जुनी खाट झाडून दिली. पण गाव गाव असतं. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. नळावर बायका गप्प होत. एकदा मनू अंगणातून पळत आली आणि विचारू लागली, "फारकतवाली म्हणजे काय वो?" त्या दिवशी मी बी.एस्सी.ची पुस्तकं ट्रंकेतून काढली.

स्पर्धा परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला निघाली. हवामान खात्यात निरीक्षकाची जागा. प्रशिक्षणाला पुण्यात होते तेव्हा मनू मायजवळ राहिली. तिथं माझ्या "मले-तुले"वर वर्गातली मुलं हसायची. मग नेमणुकीचं गाव आलं: मायाबंदर, अंदमान. नकाशात शोधायला वेळ लागला. आमच्या शेजारच्या काकूंनी नाव ऐकून विचारलं, "तिथं बंदर गजब असतीन ना?" त्यांच्या डोक्यात हिंदीतलं बंदर, म्हणजे माकड. आम्ही खूप हसलो. दादा तेवढा हसला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं: तू जा, नोकरी कर, पण पोरगी इथंच राहू दे. तिला शाळा आहे, आजीआजोबा आहेत, दोन मामेभावंडं आहेत. तिथं काय आहे?

त्याचं चुकत नव्हतं. पण मी एक गोष्ट मनाशी ठरवली होती. मनूनं तिच्या आईला लांबून, फोनवरून ओळखायचं नाही.

चेन्नईहून जहाज. तीन दिवस नुसतं पाणी. तलावाला समोरचा काठ असतो, तो दिसत राहतो, म्हणून पाण्याची भीती वाटत नाही हे मला त्या जहाजावर कळलं. पोर्ट ब्लेअरला उतरून पुन्हा बस. जंगलातून जाणारा रस्ता, ठरल्या वेळी सगळ्या गाड्या एकामागं एक सोडायच्या, त्याला तिथं कॉन्व्हॉय म्हणतात. मग बस बोटीवर चढवून खाडी ओलांडायची, मग पुन्हा जंगल. शेवटी संध्याकाळी उतारावरून खाली दिसलं ते मायाबंदर. एक जेट्टी, तिच्याभोवती चार-दोन रस्ते, टेकडीवर पत्र्याची घरं, नारळीच्या बागा, आणि तीन बाजूंनी समुद्र. आपल्या साकोलीपेक्षा लहान गाव.

पहिलं वर्ष कठीण गेलं. क्वार्टरच्या भिंतींना ओल होती, कपडे वाळत नसत. जहाज आलं नाही की बाजारात कांदे-बटाटे नसत. मनू समुद्राला घाबरायची. किनाऱ्यावर नेली की माझ्या साडीचा पदर तोंडावर ओढून घ्यायची. माझी ड्युटी पाळ्यांमध्ये, म्हणून शेजारच्या सुषमादीकडे मनूला ठेवायची. सुषमादी बंगाली. तिचे सासरे फाळणीनंतर सरकारनं वसवलेल्या लोकांमध्ये इथं आलेले. गावाबाहेर त्यांचं थोडं शेत होतं, नवरा मासेमारी करायचा, त्याची स्वतःची डुंगी होती, म्हणजे छोटी होडी. सुषमादी माझ्याशी हिंदीत बोलायची. इथं सगळेच हिंदी बोलतात. बंगाली, तमिळ, रांचीकडून मजुरीला आलेले रांचीवाले, वेबी गावातले मूळ ब्रह्मदेशचे करेन लोक, सगळे आपापली मोडकी हिंदी. पुण्यात ज्या बोलीला हसले होते ती इथं माझ्या उपयोगी पडली. आपल्या भंडाऱ्याच्या माणसाला हिंदी काही शिकावी लागत नाही.

वेधशाळा टेकडीवर होती. पांढऱ्या जाळीदार पेटीतले तापमापक, पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. ठरलेल्या वेळी वाचायचं, पोर्ट ब्लेअरला कळवायचं. वादळाचा इशारा आला की जेट्टीवर सिग्नल चढतो, आणि आम्ही आमच्याकडून मासेमारांच्या वस्तीत निरोप द्यायचो. हळूहळू लोक ओळखू लागले. बाजारात मासेवाली विचारायची, "मौसमवाली दीदी, कल कैसा रहेगा?" मी सांगायचे. माझं सांगणं कधी खरं व्हायचं, कधी व्हायचं नाही, पण विचारणं थांबलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाबांचा फोन आला. "तुझी माय येऊन राहिली तिकडे. दादानं तिकीट काढलं. मनूले तिच्यासंगं पाठवून दे. जूनमध्ये इथं शाळेत नाव घालू."

मी म्हटलं, "मायले येऊ द्या." आणि फोन ठेवला.

नागपूरच्या पुढं कधी न गेलेली माझी माय विमानात बसून आली. दादानं नागपूरला बसवून दिली, चेन्नईत माझ्या मैत्रिणीनं पुढच्या विमानात बसवलं. पोर्ट ब्लेअरला बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पुन्हा एक चुंगडी. त्यात तांदूळ, लाखोळीची डाळ आणि वाळवलेली मोहफुलं. मनू धावत जाऊन तिला बिलगली. मायनं तिला न्याहाळलं आणि म्हणाली, "काळी झाली वो पोरगी."

बसमध्ये ती खिडकीतून जंगल बघत होती. बघता बघता म्हणाली, "हे तं नागझिऱ्यासारखंच रान आहे. मी समजली, नुसतं पानीच असन." मग खाडी आली आणि बस बोटीवर चढली, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि पलीकडे जाईपर्यंत उघडले नाहीत.

मायाबंदरलाही ती समुद्राकडे पाठ करूनच बसायची. मासे बघून म्हणाली, "खाऱ्या पान्यातली मासोळी, चव कायची येईन." खाल्ली मात्र. सुषमादीशी तिचं दुसऱ्याच दिवशी जमलं. दोघींची हिंदी दोन वेगळ्या टोकांची, पण विषय एकच: धान. सुषमादी म्हणायची "बीचन", माय म्हणायची "पऱ्हे", आणि दोघी बोलत होत्या ती एकच हिरवी रोपं.

मनूबद्दलचं बोलणं आम्ही दोघींनी टाळलं. माय तिचे कपडे घड्या करून एका बॅगेत ठेवत होती. मी ते बघत होते. एका दुपारी मी म्हटलं, "माय, मी पाठवणार नाही तिले."

"मंग मी कायले आली एवढ्या दूर?"

"मले भेटाले आली समज."

तिनं घडी घातलेला फ्रॉक पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातला. "तुझ्या भावाले का सांगू? त्यानं शाळेत बोलणं करून ठेवलं आहे. वंदे, तुले जिद्द आहे हे मले मालूम आहे. पण लेकराचं भलं कुठं आहे ते बघ. इथं तिचं कोन आहे?"

खरं सांगायचं तर रात्री-अपरात्री हा प्रश्न मी स्वतःलाही विचारत होते.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी समुद्र बिघडला. इशारा आला, जेट्टीवर सिग्नल चढला. पोर्ट ब्लेअरच्या बस थांबल्या. सकाळपासून वारा वाढत होता. माझी ड्युटी दुपारची. मी रेनकोट चढवला तशी माय दारात उभी राहिली.

"आज नोको जाऊ."

"आजच जाणं आहे, माय. रोज काय, कोणीबी जाईल."

"भांड्यात पाऊस मोजून का भेटते तुले? पडणारा पाऊस पडतेच."

"मी मोजलं म्हणून सुषमादीचा नवरा आज घरी आहे," मी म्हटलं. "काल सांगितलं होतं त्याले, डुंगी खाडीत आत ओढून ठेव."

माय बाजूला झाली. मी मनूला तिच्या हाती दिलं. वस्तीतल्या लोकांना सरकारी शाळेत हलवणार होते, आमच्या क्वार्टरचा पत्राही भरवशाचा नव्हता. "सुषमादीसोबत शाळेत जा. मी तिकडेच येते."

त्या दुपारचं वेधशाळेतलं सांगण्यासारखं फार नाही. एवढंच की टेकडी चढताना दोनदा हातापायांवर आले, आणि पेटीचं दार धरून आकडे वाचताना समुद्राचा रंग पहिल्यांदा राखेसारखा दिसला. फोन लागत नव्हता; वायरलेसवर कळवलं. माझ्या सोबतचे सहकारी तमिळ, वयानं मोठे, ते सतत काही पुटपुटत होते, बहुधा देवाचं नाव. खाली झाडं पडत होती. मला आत एकच विचार होता: पोरगी कुठं असेल, आणि माझी माय, जिनं समुद्राकडे पाठ फिरवली होती, ती आज कुठं तोंड करून बसली असेल.

वारा उतरला तेव्हा संध्याकाळचा उजेड थोडा बाकी होता. मी शाळेत पोचले. व्हरांड्यात माणसंच माणसं. ओल्या चटया, रडणारी पोरं, कोंबड्यासुद्धा. मागच्या बाजूला विटांची चूल पेटली होती आणि तिच्यापाशी माझी माय उभी. पदर कमरेला खोचलेला, हातात मोठा पळा. लग्नकार्यात गावच्या बायका उभ्या राहतात तशी. समोर शाळेचं मोठं पातेलं, त्यात भात, आणि बाजूला चुंगडी रिकामी.

"चिन्नोर सगळा टाकला?" मी विचारलं.

"मंग का माह्या घरी नेऊ परत?" ती म्हणाली. "लोक उपाशी बसले होते. शाळेतला तांदूळ ओला झाला."

मनू पानं वाटत होती. केळीची पानं, तुकडे केलेली. तिच्यासोबत तिच्या वर्गातल्या मुली, एक करेन, एक बंगाली, एक रांचीवाल्यांची. त्या एकमेकींवर ओरडत होत्या, हसत होत्या, हिंदीत, आणि मधेच मनू त्यांना आपल्या भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत दटावत होती, आणि त्यांना ते कळत होतं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. पदर तोंडावर ओढणारी ती पोरगी कुठं गेली, कधी गेली, मला कळलंच नव्हतं.

एक म्हातारा मासेमार पान घेऊन मायसमोर आला. त्यानं विचारलं, "आप कौन हैं, माँजी? पहले देखा नहीं." माय उत्तर देणार तेवढ्यात सुषमादीच म्हणाली, "मौसमवाली दीदी की माँ हैं." म्हातारा हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "उन्होंने कल मेरे बेटे को जाने नहीं दिया." मायनं त्याच्या पानावर भात जरा जास्त वाढला.

जेवणं झाल्यावर आम्ही भिंतीला टेकून बसलो. मनू माझ्या मांडीवर पेंगत होती. माय चुलीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "वंदे, गावात तुले फारकतवाली म्हणते. इथं मौसमवाली म्हणते."

मी मान हलवली.

"पोरगी तुह्यापाशीच राहू दे," ती म्हणाली. "मी सांगीन तुझ्या भावाले."

दोन दिवसांनी फोन सुरू झाले. मायनं माझ्यासमोर दादाला लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण तो चिडला होता एवढं कळत होतं. माय शांतपणे म्हणाली, "नाई आणून राहिली मी मनूले. काहून म्हणजे? तिची शाळा इथं आहे, तिची माय इथं आहे, अन् तिच्या मायच्या माहेरचं मानूसबी आता इथं आलं." मग थोडं थांबून, "अन् मीबी इतक्यात येत नाई. रोवणी करून येईन."

हे मलाही नवीन होतं.

पुढचे काही आठवडे माय सुषमादीच्या शेतावर गेली. वादळानं बांध फुटले होते, ते दोघींनी आणि रांचीच्या बायकांनी मिळून धरले. चिखलात उभी राहून माय पऱ्हे रोवायची, एका लयीत, वाकलेली, आणि आमच्याकडे रोवणीला म्हणतात ती गाणी म्हणायची. रांचीच्या बायका त्यांची म्हणायच्या. शेताच्या एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला नारळीपलीकडे समुद्र. एका संध्याकाळी तिला आणायला गेले तेव्हा ती बांधाच्या धुऱ्यावर बसून पाय धूत होती, आणि तोंड समुद्राकडे होतं.

मग ती परत गेली. एकटी.

दादा माझ्याशी पुढं बरेच दिवस बोलला नाही. फोन लागला की "मायले देतो" एवढंच म्हणायचा. मायनं गावात काय काय सांगितलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. एवढं नक्की की मी पुढच्या खेपेला एकोडीला गेले तेव्हा नळावरच्या बायका गप्प झाल्या नाहीत. एकीनं विचारलं, "वंदना, औंदा पाणी कसा रायते वो?" मी सांगितलं, मी तिकडचं बघते, इकडचं नाही. तिला ते पटलं नाही. पावसावर जिची सत्ता आहे तिला काय इकडचं, काय तिकडचं.

आता मनू अकरावीत आहे. भरतीच्या पाण्यात ती अशी पोहते की मला किनाऱ्यावर उभं राहून राग येतो. तिचं मराठी म्हणजे आजीची झाडीबोली आणि फोनवरच्या मालिका यांचं मिश्रण. समुद्रापलीकडच्या भारताला ती इथल्या सगळ्यांसारखं "मेनलँड" म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला टोचलं होतं. माझं गाव तिच्यासाठी मेनलँडवरचं एक गाव आहे, जिथं आजी आहे आणि जिथं तलावात कमळं असतात. तिचं चुकत नाही. जे माझ्यासाठी मागे सुटलं ते तिच्यासाठी सुट्टीत जाण्याचं ठिकाण आहे. बाहेर गेलेल्या तुम्हा सगळ्यांना हे कधी ना कधी पोरांच्या तोंडून ऐकावं लागेल. ऐकून घ्या. रागावू नका.

यंदा दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, आम्ही दोघी एकोडीला गेलो. माझी नागपूरला बदली होऊ शकते हे घरी कळलं होतं, आणि सगळ्यांनी ती झालीच असं धरलं होतं. बाबांनी सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, माझ्यासाठी टेबल करून घ्यायचं ठरवलं होतं. मी त्यांना सांगितलं की बदली मी मागितली नाही, मागणारही नाही. निदान मनूचं शिक्षण होईपर्यंत नाही, आणि नंतरचं तेव्हा बघू, पण बहुधा नाहीच. मायनं पानदान पुढं ओढलं. तिला आधीच माहीत होतं.

मला वाटलं दादा उठून जाईल. तो उठला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "तिथली जमीन कशी आहे? भारी का हलकी?"

"डोंगराची आहे, दादा. पाण्यानं वाहून जाते. बांध धरावे लागतात."

"हाव, माय सांगत होती," तो म्हणाला.

घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी आता फार विचार करत नाही. जिथं माझ्या नावानं मला हाक मारतात ते, आणि जिथं माझं काम थांबलं तर कुणाचं तरी अडतं ते. एकोडीत माझं नाव आहे. मायाबंदरात काम आहे. दोन्ही मला सोडायचं नाही, आणि दोन्ही एका जागी येणार नाहीत, हे मी पत्करलं आहे. रडून नाही, मुद्दाम पत्करलं आहे.

निघताना यंदा दादा नागपूर विमानतळापर्यंत आला. मनूची बॅग त्यानंच उचलली. आत जायच्या दारापाशी तो मनूच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडे वळला.

"घरी पोचली का फोन कर," तो म्हणाला.

"हाव," मी म्हटलं, आणि मनूला घेऊन आत गेले.